चाड्यावरची मूठ

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली बावीस मशिनं एकदम सुरू केली त्या दिवशी तात्या दारात उभे होते. हातात किल्ल्यांचा जुडगा, खांद्यावर पुसायचं फडकं. मी एकेका मशीनचं बटण दाबत ओळीने पुढे गेले आणि मागे येऊन खुर्चीत बसले. कुणी सीडी घातली नाही, पेनड्राइव्ह लावला नाही, कीबोर्डला बोट लावलं नाही. बावीस पडद्यांवर पाठोपाठ तीच अक्षरं उमटत गेली, मग तोच निळा पट्टा, आणि तो पट्टा सगळीकडे हळूहळू भरू लागला. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी मॅडम, हे चाड्यावर मूठ धरल्यागत झालं की. वर एकच हात, आन् खाली समद्या काकऱ्या पेरत्यात."

मी कवठेमहांकाळ तालुक्यातली. आजोबांना तिफणीमागे चालताना मी पाहिलं आहे. तिफणीच्या वर वाटीसारखं लाकडी चाडं असतं, त्यातून तीन नळ्या खाली तीन फणांमागे उतरतात. आजोबा मुठीतलं शाळूचं बी चाड्यात सोडत चालायचे. मूठ सैल पडली तर बी दाट पडतं, आवळली तर विरळ, आणि ते कळतं दहा-बारा दिवसांनी, उगवून आल्यावर. बैल चालत असतात, पाय ढेकळांत असतात, तरी मुठीचा वेग ढळत नाही. तात्यांनी ही उपमा दिली तेव्हा मला फार बरं वाटलं. ती आपल्याला किती लांबवर नेणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

आधी पुराचं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीत पाणी या पुलावर मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पावसाळ्यात शहरात कुठेही जा, "पुलाला किती झालं?" एवढंच विचारतात, नदीचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. आमचं कॉलेज नदीकडच्या भागात आणि लॅब तळमजल्यावर. तात्या आणि होस्टेलची दोन मुलं, तिघांनी मिळून जेवढी मशिनं वरच्या मजल्यावर नेता आली तेवढी नेली. बाकीची पाण्यात राहिली. पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा कीबोर्डच्या बटणांच्या फटींत गाळ असा बसला होता, जसा साच्यात ओतला असावा. भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती.

दिवाळीनंतर मदत म्हणून जुनी मशिनं आली. कुठल्या कुठल्या ऑफिसांतून काढलेली, वेगवेगळ्या कंपन्यांची, काहींच्या अंगावर अजून आधीच्या मालकाचे स्टिकर. डिस्क सगळ्यांच्या कोऱ्या. मी डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक मोफत लिनक्स प्रणाली, घालायला घेतलं, एक पेनड्राइव्ह घेऊन, एका मशीनवरून दुसऱ्यावर. एकेकाला पाऊण-एक तास. आणि तो तास सुखाने जात नाही, कारण इन्स्टॉलर अधूनमधून विचारत राहतो: भाषा कोणती, देश कोणता, कीबोर्ड कोणता, मशीनचं नाव काय, वापरणाऱ्याचं नाव काय, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, डिस्कची वाटणी कशी करायची. दुसऱ्या मशीनचं उत्तर देऊन वळेपर्यंत पहिलं प्रश्न विचारून थांबलेलं असतं. सहाव्याला मी टाइम झोन चुकवला. अकराव्याच्या पासवर्डात एक अक्षर इकडचं तिकडे झालं. सगळं उरकल्यावर बघितलं तर एकाही मशीनचं दुसऱ्याशी पूर्ण जुळत नव्हतं, आणि कुठल्यात काय वेगळं आहे ते मलाच सांगता येत नव्हतं. मला त्याची टोचणी लागली. पुढच्या पुराला हे सगळं मी पुन्हा आठवून आठवून करणार होते का? आणि मी नसले तर कोण करणार होतं?

म्हणून सर्व्हर, बाकीच्या मशिनांना केबलवरून सगळं पुरवणारा. सर्व्हर म्हणजे त्याच ढिगातलं एक बरं मशीन, चार जीबी रॅमचं, त्यावर डेबियन आणि मशिनांना पत्ते आणि सुरुवातीच्या फाइली देणारा डीएनएसमास्क नावाचा छोटासा प्रोग्रॅम. एवढ्यावर काम होतं हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

मशीन चालू झालं की डिस्ककडे बघण्याआधी नेटवर्क कार्डाकडे बघू शकतं, ही सोय जुनी आहे. पीएक्सई म्हणतात तिला; तिची २.१ ही आवृत्ती इंटेलने १९९९ मध्ये काढली, आणि आमच्या लॅबमधली जुनी मशिनं तीच बोली बोलतात. कार्डातला एवढासा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला ना पत्ता असतो ना ओळख. स्वतःचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा क्रमांक, तेवढा ठाऊक, जो कारखान्यातच कार्डात लिहिलेला असतो. तो केबलभर हाक मारतो: मी अमुक, मला पत्ता कोण देईल? ऐकणाऱ्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या, सर्व्हरने उत्तर द्यायचं: हा घे पत्ता, आणि सुरू व्हायची फाइल अमक्या ठिकाणी आहे. पत्त्यासोबत फाइलचं नावही देणारा भेटला की कार्ड त्याचं ऐकतं. तू कोण, तुला हा अधिकार कुणी दिला, असं विचारायची रीत त्यात नाही. हे मी तेव्हा वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते.

ती फाइल टीएफटीपीने, म्हणजे फाइल पाठवायच्या एका अगदी साध्या रीतीने, येते, आणि या टीएफटीपीवर माझा जीव आहे. आज चालतो तो नियम १९९२ चा, कल्पना त्याहून दहा-बारा वर्षं जुनी. ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवायचा, 'पोचला' असं उत्तर आलं की पुढचा. छप्पर शाकारताना खालचा माणूस वरच्याच्या हातात एक एक कौल देतो आणि वरच्याचा हात मोकळा झाल्याशिवाय दुसरं उचलत नाही, अगदी तसं. पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही, काही नाही. इतकं साधं असल्यामुळेच ते कार्डावरच्या चिमुकल्या रॉममध्ये मावतं. फक्त तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असतो, त्यामुळे ५१२ च्या हिशेबाने ३२ मेगाबाइटांच्या आसपास मोजणी संपते. मोठे तुकडे मागायची सोय पुढे १९९५ मध्ये आली, तिच्यामुळे आमचं भागलं. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याला सुरुवातीला लागणाऱ्या सामानाचा डबा, म्हणजे इनिटआरडी, एवढं या वाटेने येतं. बाकी सगळं पुढे वेबपानं येतात त्या एचटीटीपीने, आणि एकदा उतरलेलं पॅकेज सर्व्हरवरच साठवून ठेवणारं एपीटी-कॅशर-एनजी मधल्या वाटेवर बसवलं की कॉलेजच्या लाइनवर बावीस वेळा भार येत नाही.

मधे एक आठवडा मी एका स्विचपायी घालवला. साधा स्विच लावला की मशिनं पत्ता घ्यायची, चांगला महागातला लावला की 'पत्ता मिळाला नाही' म्हणून सोडून द्यायची. शेवटी कळलं की तो स्विच प्रत्येक पोर्ट उघडण्याआधी वाटेत कुठे गोल फेरा तर पडत नाही ना, हे बघायला पंधरा आणि पंधरा असे तीस सेकंद घेतो, आणि काही कार्डांचा धीर तेवढा टिकत नाही. मशीन जोडलेल्या पोर्टांवर तो विलंब बंद केला. झालं.

आता उत्तरांची फाइल. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात तिला किकस्टार्ट म्हणतात. डेबियनमध्ये तिचं नाव प्रीसीड, म्हणजे आधीच पेरून ठेवलेलं. इन्स्टॉलर जे जे विचारणार त्या प्रत्येक प्रश्नाचं नाव आणि त्यापुढे त्याचं उत्तर, एका ओळीत एक. पहिलं मशीन मी हाताने केलं, नीट, घाई न करता, आणि त्याने दिलेली उत्तरं बाहेर काढून त्यावरून फाइल बांधली. टाइम झोन एशिया-कोलकाता. डिस्क एकच, वाटणी साधी. पासवर्ड उघडा लिहायचा नाही, त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ शब्द सहज काढता येत नाही असं रूप, लिहायचा, कारण ही फाइल नेटवर्कवरून उघडी जाते. शेवटी काही आज्ञा: देवनागरी फॉन्ट घाल, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लाव, अमुक कंपायलर, तमुक एडिटर.

डेबियनच्या या प्रश्नांमागे डेबकॉन्फ नावाची यंत्रणा आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट मला आजही फार विचारी वाटते. प्रत्येक प्रश्नाला तिथे वजन दिलेलं असतं: हलका, मध्यम, मोठा आणि निर्वाणीचा. सुरू करतानाच सांगता येतं की निर्वाणीचे सोडून मला काही विचारू नकोस. कुणीतरी बसून एकेका प्रश्नाबद्दल ठरवलं आहे, की हा माणसाला विचारलाच पाहिजे का. मी मात्र तेव्हा ते असं वाचलं नाही. मला एकही प्रश्न नको होता. सगळ्यात शेवटी एक प्रश्न येतो: डिस्कवर बदल लिहू का? तिथे काही न करता नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' असं जातं, इतका तो जपून विचारलेला आहे. माझ्या फाइलमध्ये मी त्यापुढे 'हो' लिहिलं. आणि सुरुवातीच्या मेनूत, पाच सेकंद कुणी काही दाबलं नाही तर इन्स्टॉल सुरू, असं ठेवलं. ज्या दिवशी तात्या दारात उभे होते तो दिवस या 'हो'मुळेच इतका देखणा झाला होता. बावीस मशिनं, सव्वा तास.

जानेवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी, सर्व्हरवर नवी पॅकेजेस उतरवायची म्हणून मी लॅबचा स्विच एका केबलने कॉलेजच्या मुख्य स्विचला जोडला. काम झालं. केबल तशीच राहिली.

शनिवारी सकाळी साडेदहाला ऑफिसातल्या काकूंचा फोन. "मॅडम, माझं मशीन काय करालंय बघा की जरा. काय तरी आपोआप चाललंय." काकू रोज आल्या की आधी मशीन चालू करायच्या, मग गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायच्या, मग चहा घेऊन टेबलाशी यायच्या. त्या मशीनची आतली बॅटरी पुरानंतरच्या ओलीत कधीतरी गेली होती, त्यामुळे बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, आपल्या मूळ क्रमावर आलं होतं, आणि त्या मॉडेलच्या मूळ क्रमात नेटवर्क डिस्कच्या आधी होतं. इतके दिवस त्याची हाक कुणी ऐकत नव्हतं म्हणून ते डिस्ककडे वळत होतं. त्या सकाळी ऐकणारा होता. मी जिना उतरून धावत गेले तेव्हा पडद्यावर तो निळा पट्टा होता, ओळखीचा, अर्ध्यावर आलेला. मी प्लग उपटला.

त्या मशीनवर शिष्यवृत्तीचे अर्ज होते. पूरग्रस्त गावांतल्या मुलांचे, स्कॅन करून ठेवलेले. दाखले, मार्कलिस्टा, रेशनकार्डं. मूळ कागद पुरात गेल्यावर ज्यांनी तहसीलच्या फेऱ्या मारून दुसऱ्या प्रती मिळवल्या होत्या, त्या मुलांचे.

आम्ही फोटोरेक नावाचा प्रोग्रॅम चालवला. पुसलेल्या डिस्कवर फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधून तो त्या बाहेर काढतो, पण नावं गेलेली असतात. हाती येतात ते नुसते आकडे. हजारो आकडे. चार दिवस काकू आणि मी शेजारी शेजारी बसलो. मी एकेक चित्र उघडायची, काकू बघायच्या. नाव अर्धवट दिसत असलं तरी त्या सांगायच्या: ही वाळव्याची, हिचे वडील येऊन गेलेत; हा पलूसचा, ह्याच्या आईची सही अशी असते, तिरकी. त्या मुलांना त्या इतक्या ओळखतात हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडताना एवढंच म्हणाल्या, "मॅडम, त्यानं मला विचारलं असतं तर मी न्हाय म्हटलं असतं की."

बरेच अर्ज सापडले. जे सापडले नाहीत त्या मुलांना मी स्वतः फोन केले. आणखी एकदा कागद घेऊन या, हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. एकाने विचारलं, "मॅडम, परत?" त्या 'परत'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

काकूंचं ते वाक्य घेऊन मी फाइल पुन्हा उघडली, आणि तेव्हा तिफण खरी समजली. आजोबा बी आदल्या महिन्यातच निवडून ठेवायचे. चांगली कणसं बाजूला काढलेली, काणी हा रोग पडू नये म्हणून बियाला गंधक चोळलेलं. कोणतं बी, किती, कुठल्या वावरात, सगळं आधी ठरलेलं. पण पेरणीच्या सकाळी बैल जुंपण्याआधी ते वावरात वाकून बोटांनी माती उकरायचे. ओल किती खाली आहे ते बघायचे, चिमूट मुठीत दाबायचे. कधी कधी जुंपलेले बैल सोडायला लावायचे. मूठ चाड्यावर जायची ती त्यानंतर. तात्यांना दिसली ती मूठ, मला दिसली तीही मूठच. वाकणं आम्हा दोघांनाही दिसलं नव्हतं.

मग मी बदल केले. मेनूत कुणी काही दाबलं नाही तर मशीन गुपचूप आपल्या डिस्कवरून सुरू होतं. मेनू दाखवणारा पीएक्सलिनक्स हा प्रोग्रॅम त्या मशीनच्या मॅक पत्त्याच्या नावाची फाइल शोधतो, ती नसेल तर आयपी पत्त्यावरून, आणि काहीच नाही सापडलं तर सर्वसाधारण फाइल घेतो. या क्रमाचा मी उपयोग केला: इन्स्टॉलचा पर्याय आता फक्त त्या मशीनच्या नावे लिहिलेल्या फाइलमध्ये असतो, आणि काम झालं की ती फाइल काढून टाकायची. डीएनएसमास्कलाही सांगून ठेवलं, यादीत नसलेल्या मॅक पत्त्याला उत्तरच देऊ नकोस. मुख्य स्विचकडे जाणारी केबल लाल आणली आणि ती तात्यांच्या कपाटात असते.

आणि डिस्कवर लिहू का, या प्रश्नापुढचा 'हो' खोडला. ती ओळच काढली. आता सगळी उत्तरं देऊन झाल्यावर प्रत्येक मशीन तिथे येऊन थांबतं. बावीस मशिनं असतील तर बावीस ठिकाणी कुणीतरी जाऊन उभं राहायचं. एका ओळखीच्या इंजिनिअरने हे बघून विचारलं, मग ऑटोमॅटिक कसलं? मी त्याला काकूंचं टेबल दाखवलं.

एकदा एक ओळ काढल्यावर बाकीच्या ओळींकडेही बघावंसं वाटू लागलं. भाषेपुढे मी सवयीने इंग्रजी लिहिलं होतं. जतहून आलेल्या, पहिल्याच वर्षाच्या एका मुलीने विचारलं होतं की हे मराठीत नाही का येत. येतं. डेबियनचा इन्स्टॉलरही मराठी बोलतो, फक्त देवनागरीसाठी त्याचं ग्राफिकल रूप घ्यावं लागतं. ते आकाराने मोठं असतं. टीएफटीपीचे मोठे तुकडे कामी आले ते इथे. आता मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवून ठेवते आणि निवड लॉगिनच्या पडद्यावर सोडून देते, ज्याची त्याने करावी. तो थांबलेला प्रश्नही आता मराठीत येतो, आणि हे मी मुलांपेक्षा तात्यांसाठी केलं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. लॅब तोवर दुसऱ्या मजल्यावर गेली होती. मी घरी नेली ती फक्त एक छोटी डिस्क, तिच्यावर त्या फाइली.

विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तसं ऑफिसमधून आणि दुसऱ्या लॅबमधून चांगली चालती मशिनं आमच्याकडे येऊ लागली. ही नवी, जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय असलेली. जुनी सुरुवातीची फाइल घेऊन नुसती गप्प बसायची. हाक मारताना मशीन आपला प्रकारही सांगतं, शून्य म्हणजे जुन्या बायोसचं, सात म्हणजे यूईएफआय, तो बघून प्रत्येकाला आपापली फाइल देणं डीएनएसमास्कला शिकवलं. ते बसलं की बाकी सगळं काम तात्याच करतात. मशीनच्या मागचा मॅक पत्ता चष्मा वर करून वाचतात, एका वहीत लिहितात, मग मला न विचारता यादीत घालतात.

गेल्या आठवड्यात मी दाराशी उभी होते. सतरा नंबरचं मशीन सगळी उत्तरं देऊन प्रश्नापाशी थांबलं होतं. तात्या समोर उभे राहून ओठ हलवत वाचत होते. बोट एंटरकडे नेलं नाही. वळून लॅबभर विचारलं, "सतरा नंबरात कुणाचं काय न्हाय न्हवं?"

मागच्या बाकावरून एक मुलगी धडपडत उठली. "थांबा तात्या, माझा प्रोजेक्ट आहे त्यात."

"ये बाई, घे काढून," म्हणत तात्यांनी तिला खुर्ची ओढून दिली, 'नाही'वर एंटर दाबलं, मशीन बंद करून पुन्हा डिस्कवरून सुरू केलं, आणि तिचा पेनड्राइव्ह भरेपर्यंत तिथेच, फडकं खांद्यावर टाकून, उभे राहिले.